इतर नावांचा रकाना

सोलापूर स्टेशनवर मला सोडायला अण्णा आले, तेव्हा त्यांनी गिरणीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. हे आईला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की मी युनियनच्या कामासाठी दिल्लीला चाललोय आणि दोन-तीन महिन्यांत परत येईन. तिने कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि मांडीवरच्या सुपातली विडी वळता वळता, मान वर न करता म्हणाली, "थंडी असती म्हणं तिकडं. कान बांधत जा." मी जाणार होतो पूर्व जर्मनीला, दहा महिन्यांसाठी. आईला कान बांधण्यापुरतंच खरं सांगितलं होतं म्हणायचं.

अण्णा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि उरलेला वेळ युनियनमध्ये. आमच्या घरात देवघर नव्हतं, कम्युनिस्ट पक्षाचं कॅलेंडर होतं. त्या काळी पक्षाकडून दरवर्षी थोडी पोरं निवडून तिकडच्या एका शाळेत पाठवली जायची. त्या देशाचे स्वतःचे पक्षाधिकारी जिथे तयार व्हायचे, त्याच आवारात परदेशी पाहुण्यांसाठी वेगळी इमारत होती. बावीस वर्षांच्या, नुकत्याच बीएस्सी झालेल्या मला तिथे जायला मिळणं म्हणजे अण्णांच्या दृष्टीने पोरगा कलेक्टर झाल्यासारखं होतं. फक्त हा कलेक्टर कुणाला दाखवता येत नव्हता. गाडी सुटायच्या आधी त्यांनी खिडकीशी येऊन हळूच सांगितलं, "पक्षानं विचारलं तर सगळं सांगायचं. सरकारनं विचारलं तर काही नाही." दुसरे बाप पोराला पोचल्याचं पत्र टाक म्हणतात.

तिकडे सोलापुरात राहिलेल्या तुम्हा मंडळींना, म्हणजे पक्षाच्या जिल्हा कचेरीत माझ्याबरोबर सतरंज्या झटकलेल्यांना, हे सगळं ठाऊक आहे. इकडे अमेरिकेत आलेल्या तुम्हा मंडळींना यातलं अक्षरही माहीत नाही. तुमच्या लेखी मी कॅरी गावातला एक रिटायर्ड आयटीवाला, गणपतीत पार्किंगची व्यवस्था बघणारा काका. दोघांसाठी मिळून हे लिहितोय. पाठवणार कुणालाच नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो.

शाळा तळ्याच्या काठी होती, भोवती पाइनची झाडं. पहिल्या दिवशी ऑफिसातल्या एका गंभीर माणसाने आमचे पासपोर्ट घेऊन कपाटात ठेवले. व्हिसा वेगळ्या कागदावर होता, तो कागदही त्यांच्याकडेच. मग दुभाष्या बाईंनी इंग्रजीतून सांगितलं, की इथे कुणीही स्वतःच्या नावाने राहत नाही, आपापल्या देशात परतल्यावर त्रास होऊ नये म्हणून. आत्ताच्या आत्ता एक नाव सांगा. ऐनवेळी काही सुचेना, म्हणून मी आमच्या गल्लीतल्या वाण्याचं नाव सांगितलं. वसंत. पुढचे दहा महिने मी कॉम्रेड वसंत होतो. क्रांतीच्या शाळेत एका दुकानदाराच्या नावाने शिकलो, याचं मला अजून हसू येतं. माझा खोलीतला जोडीदार बंगालचा. तिथे त्याचं नाव तपन. रात्रंदिवस एका खोलीत राहिलो, एकमेकांच्या तापात उशाशी बसलो, आणि त्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही.

काय शिकवायचे, असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अर्थशास्त्र, कामगार चळवळीचा इतिहास, सभा कशी चालवावी, आणि बटाटे किती प्रकारे उकडता येतात. पण खरं शिक्षण दोन गोष्टींत होतं. दर शनिवारी दुपारी गोल बसून आत्मटीका करायची. आठवड्यात आपण कुठे चुकलो ते स्वतः सांगायचं, मग बाकीच्यांनी त्यात भर घालायची. आणि दुसरं म्हणजे जीवनवृत्त. प्रत्येकाने आपलं आयुष्य लिहून द्यायचं, जन्मापासून, आईबाप, भावंडं, कुणाचा धंदा काय, कोण कुठे असतं. हे तीनदा. आल्यावर एकदा, मध्ये एकदा, निघताना एकदा. शिक्षक तिन्ही शेजारी ठेवून वाचायचे. आम्हाला आपलंच आधीचं पाहायला मिळत नसे.

माझ्या पहिल्या जीवनवृत्तात आईचा व्यवसाय 'गृहिणी' असा होता. शिक्षक पांढऱ्या केसांचे, स्वतः सुतारकाम केलेले. त्यांनी दुभाष्या बाईंमार्फत विचारलं, की तंबाखूचा वास घरचा वाटतो असं तू परवा बोललास, तो कसा काय? मी ओशाळलो. सांगितलं, आई विड्या वळते. ते म्हणाले, कामगारांच्या राज्यात येऊन तू आईचं काम लपवलंस? अख्ख्या वर्गात तुझ्याकडेच सांगण्यासारखं काही होतं आणि तेच तू झाकलंस. कॉलेजात 'आई काय करते' याला मी गृहिणी म्हणायचो, तीच सवय. जिथे ती गोष्ट अभिमानाने सांगायची, तिथेही जीभ आपोआप तिकडेच वळली. हा माझा जुना दोष आहे, आणि आयुष्यभर तो मला पुरून उरला.

परत आल्यावर दोन वर्षं मी जिल्ह्यात अभ्यासवर्ग घेतले. मग तो देशच गेला. आम्ही रेडिओवर ऐकलं. अण्णा आठ दिवस युनियनच्या कचेरीकडे फिरकले नाहीत. पाठोपाठ गिरणी डबघाईला आली. मी पक्षातून बाहेर पडलो, भांडून वगैरे नाही, एका वर्षी सभासदत्व चालू ठेवलं नाही इतकंच. पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. सुनंदा तिथे बँकेत होती, ओळखीतून स्थळ आलं. तिला मी सांगितलं, की वडील युनियनमध्ये होते, मीही कॉलेजच्या काळात थोडंफार केलंय. एक वर्ष दिल्लीला होतो. तिला दिल्ली आवडत नाही, तिने पुढे काही विचारलं नाही.

दोन हजार साल येणार म्हणून जगभरचे जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायला माणसं हवी होती, त्या लाटेत आम्ही अमेरिकेत, शॉमबर्गला आलो. बर्फात गाडी कशी सरकते हे शिकलो, मुलगी तिथेच झाली, मैत्रेयी. मग कंपनीने कॅरीला हलवलं. घर घेतलं, मॉर्गेज घेतलं, मागच्या डेकवर तुळस लावली आणि हरणांनी ती खाल्ली. इथल्या प्रत्येक मराठी माणसाची हीच गोष्ट आहे, थोड्याफार फरकाने.

ग्रीन कार्डाच्या फॉर्मवर तो प्रश्न होता. तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का? आणि त्याआधी कुठेतरी एक रकाना, तुम्ही वापरलेली इतर नावं. मी विचारसुद्धा केला नाही. सरकार विचारत होतं. पहिल्यावर 'नो' आणि दुसरा रकाना कोरा. तीन सेकंद लागले असतील. काही वर्षांनी सिटिझनशिपच्या मुलाखतीत एका सभ्य अधिकाऱ्याने शपथेवर तोच प्रश्न मोठ्याने वाचला. मी परत 'नो' म्हणालो. त्याने अभिनंदन केलं. घरी आल्यावर सुनंदाने शिरा केला. मला भीती वाटली नव्हती, उलट हुशारी केल्यासारखं वाटलं होतं. पुरावा कुठे होता? पासपोर्टवर शिक्का नाही, यादीत माझं नाव नाही, वाण्याचं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या एका दुपारच्या कार्यक्रमात, आणि तीही फक्त माझ्यापुरती. एक वकीलबाई इमिग्रेशनवर बोलायला आल्या होत्या. प्रश्नोत्तरं संपून लोक बटाटेवड्यांकडे गेल्यावर मी त्यांना गाठलं आणि 'माझ्या एका मित्राची केस' म्हणून विचारलं. त्या हसल्या नाहीत, म्हणजे असे मित्र त्यांना रोज भेटत असावेत. म्हणाल्या, "काका, तुमच्या मित्रानं ग्रीन कार्डाच्या कितीतरी वर्षं आधी पक्ष सोडला होता ना? मग खरं लिहिलं असतं तर बहुतेक काहीच झालं नसतं. जुन्या मेंबरशिपला सूट असते. थोडे एक्स्ट्रा पेपर्स, एखादं एक्स्प्लनेशन, बस. आता प्रॉब्लेम पक्षाचा नाहीये, आता प्रॉब्लेम शपथेवर खोटं बोलण्याचा आहे. त्यावरून सिटिझनशिप काढून घेऊ शकतात. आणि त्याला मुदत नसते."

मी हातात वडा धरून उभा होतो. कुणीतरी चटणी हवी का विचारलं. जे सांगून टाकता आलं असतं, ते मी लपवलं होतं, लपवायची काही गरज नसताना. त्या पांढऱ्या केसांच्या सुताराने मला याच चुकीसाठी एकदा पकडलं होतं, आणि मी काही म्हणजे काही शिकलो नव्हतो.

त्या दिवसापासून मी या देशात राहतोय तो कोंडून घातल्यासारखा. कुणी पाळत ठेवली नाही, कधी कुणाचा फोन आला नाही. पण बातम्यांत कुणाचं नागरिकत्व काढल्याचं आलं की मी चॅनल बदलतो. सुनंदा म्हणते, तुला हल्ली काही बघवत नाही. टपालात सरकारी लिफाफा आला की आधी मी उचलतो, तो ज्यूरी ड्यूटीचा निघतो. एकदा बेकरीत पावावरचं जर्मन नाव मी बरोबर उच्चारलं, तर सुनंदा कौतुकाने बघायला लागली. म्हटलं, कॉलेजात शिकवायचे. खाई त्याला खवखवे, आणि इथे तर बायकोच्या कौतुकानेही खवखवत होतं. आपण होऊन जाऊन सांगावं म्हटलं तर वकील आधी हेच विचारणार, की तुम्हाला हे आत्ताच का सुचलं. न सांगावं तर मरेपर्यंत असंच. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण तिथे निदान उडी मारायची मुभा असते. मला नुसतं काठावर उभं राहायचं होतं.

तरीही मी निभावलं असतं. माणूस कशालाही सरावतो. माझ्यापुरतं होतं तोवर ठीक होतं.

मैत्रेयी आता सत्तावीस वर्षांची आहे. मटेरियल्स सायन्समध्ये पीएचडी केली, आणि तीन वर्षं ज्या सरकारी प्रयोगशाळेची वाट बघत होती तिथून तिला ऑफर आली. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सांगितलं, कारण तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. काम गोपनीय असल्यामुळे आधी तिची कसून चौकशी होणार होती. त्यासाठी शंभरेक पानांचा फॉर्म. एका रविवारी दुपारी ती घरी येऊन किचनमध्ये लॅपटॉप उघडून बसली. सुनंदा पोळ्या करत होती. मैत्रेयी एकेक विचारत होती आणि आम्ही सांगत होतो, आजीचा जन्म कुठला, मामा कुठे असतो. ती प्रत्येक उत्तरानंतर 'ओके' म्हणायची.

"बाबा, अदर नेम्स यूज्ड? म्हणजे निकनेम, एलियस, काहीही."

"बंड्या लिही," सुनंदा पोळी उलटत म्हणाली. "सोलापुरात सगळे बंड्याच म्हणतात अजून."

मैत्रेयी हसली. मी पण हसलो. मग म्हणालो, "नाही. दुसरं काही नाही."

"शुअर ना? कारण साइन मी करणारेय. राँग असलं तर माझ्यावर येतं."

"शुअर," मी म्हणालो.

तिने टाइप केलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. फॉर्म अजून पाठवायचा होता, आठवडा होता हातात. तो आठवडा मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की 'माझ्यावर येतं' हे तिचे दोन शब्द दात घासतानाही ऐकू यायचे. मी खोटं बोललो होतो ते माझ्या सहीने. आता माझं खोटं तिच्या सहीने जाणार होतं. आणि तिला ते माहीतही नसणार. ती जन्माने इथली आहे, तिचं नागरिकत्व कुणी काढणार नव्हतं, पण उद्या चौकशीत कुठल्या जुन्या कागदात काही निघालं तर? तिकडचे सगळे दस्तऐवज आता उघडे झालेत म्हणतात. मी सतत स्वतःला सांगत राहिलो, की तिला वाचवायचं तर सांगायलाच हवं.

शनिवारी मी तिला फिरायला बोलावलं. ट्रेलवर एका तळ्याकाठी बाकडं होतं, तिथे बसून सगळं सांगितलं, अण्णा, शाळा, वसंत, फॉर्म, वकीलबाई, सगळं क्रमाने. मी चांगलं सांगितलं. दहा महिने त्याचंच शिक्षण घेतलं होतं. तिने विचारलं, "स्पायिंग होतं का ते?"

"नाही गं. इकॉनॉमिक्स होतं."

"आईला माहितीये?"

"नाही."

ती बराच वेळ बुटाच्या लेसशी खेळत होती. लहानपणी चिडली की असंच करायची. "बाबा, तू त्या दिवशी नो म्हणालास, मी नो लिहिलं. दॅट वॉज फाइन. मला माहीतच नव्हतं. आता मला माहितीये. आता मी नो लिहू शकत नाही, आणि येस लिहिलं तर ते तुझ्यामागे लागतील. तू मला का सांगितलंस?"

मी म्हणालो, तुला वाचवायला. ते म्हणताना मलाच कळलं, की हे खरं नाही. तिला वाचवायचं असतं तर गप्प बसायचं होतं. मी सांगितलं कारण मला ते सहन होत नव्हतं. शनिवारी गोलात बसून सांगितलं की पुढचं सगळे मिळून ठरवतील, छाती हलकी होईल, ही लागलेली सवय. पण इथे गोलात ती एकटीच होती. मी हलका झालो, हे मला कबूल केलंच पाहिजे. त्या बाकड्यावर कितीतरी वर्षांनी मी पूर्ण श्वास घेतला. आणि माझ्या शेजारी माझी पोर, दोन्ही हात मांडीखाली दाबून, तळ्याकडे बघत बसली होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी म्हणालो, की मी जाऊन सांगतो सगळं, होईल ते होऊ दे. तिने नाही अशी मान हलवली. "आणि आई? शी लूजेस द हाऊस, यू, एव्हरीथिंग. डोंट बी सिली." मग उठली. माझ्या पुढे चालत गाडीपर्यंत गेली.

मंगळवारी तिने ऑफर नाकारली.

पुढच्या रविवारी ती जेवायला आली तेव्हा सुनंदाने वाढण्याआधीच विषय काढला. तीन वर्षं वाट बघितलीस आणि आता नको म्हणतेस? काय झालं काय असं? मैत्रेयीने वरणात तूप घेतलं आणि सांगायला लागली. टीम तिला बरोबर वाटली नाही. तिथे आधी काम केलेल्या एका मुलीशी ती बोलली, त्या मुलीला दोन वर्षांत एक पेपर पब्लिश करू दिला नव्हता. शिवाय असल्या ठिकाणी गेलं की बाहेर कुणाशी कामाबद्दल बोलता येत नाही, ते तिला झेपणार नाही. त्या मुलीचं नाव होतं, ती कुठे शिकली ते होतं, तिचा एक गमतीशीर किस्साही होता. सुनंदा हसलीसुद्धा. मैत्रेयीने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. सुनंदाने माझ्याकडे वळून म्हटलं, "तू तरी समजाव हिला. तुझं ऐकते." मी म्हणालो, "तिचा निर्णय आहे." आणि कोशिंबीर पुढे सरकवली.

अशी मुलगी अस्तित्वात नाही. मी नंतर एकदा विचारलं, तर मैत्रेयी म्हणाली, "ऑब्व्हियसली."

ती आता एका खाजगी कंपनीत आहे, रंगांचे थर किती दिवस टिकतात ते तपासते. दर रविवारी येते. सुनंदा अजून अधूनमधून बहिणीला फोनवर सांगते, की पोरीला धीर नाही, हातची सोन्यासारखी नोकरी घालवली. मी शेजारच्या खोलीत असतो. मैत्रेयी असली तर तीही ऐकते, आणि 'हो मावशी, माझंच चुकलं' असं फोनमध्ये ओरडते.

सोलापूरचं घर विकलं, अण्णा आणि आई गेले, जिथे शिकलो तो देश नकाशावर नाही. तुम्ही तिकडचे मला विचारता, परत का येत नाहीस, आणि तुम्ही इकडचे विचारता, आता कशाला जायचं परत. दोघांनाही मी हसून काहीतरी सांगतो. पण घर कुठे आहे हे मला नक्की माहीत आहे. ते याच टेबलाशी आहे, वरणभाताच्या वासात, सुनंदाच्या तक्रारीत. जगात हीच एक जागा आहे जिथे मला आता खोटं बोलावं लागत नाही, कारण माझ्या वाटचं मैत्रेयी बोलते.